माझा शनिवार कुठाय?

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकली की करामा भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये घरोघरी घोरणं सुरू व्हायचं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बिवलकरांकडे इस्त्रीची फुसफुस. दुबईतला आठवडा तेव्हा शनिवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारी संपायचा. सुहासिनी बिवलकरचा मात्र शुक्रवारी दुपारीच आटोपलेला असायचा, कारण पुढचे सगळे दिवस नवरा ऑफिसला काय घालून जाणार, ते तोवर कपाटात टांगून झालेलं असे. नवऱ्याचं मत विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. आपल्याला काही मत आहे असं नवऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे.

एका हँगरवर एक दिवस. आत पँट, वर शर्ट, कॉलरीत गाठ मारूनच ठेवलेला टाय, पँटच्या डाव्या खिशात मोजे आणि उजव्यात रुमाल. त्या शर्टामागे आणखी एक शर्ट, कारण राजन बिवलकरचं देरा भागातलं ऑफिस दोन तुकड्यांत चालायचं. सकाळी जायचं, दुपारी घरी येऊन जेवून झोपायचं आणि चारला पुन्हा जायचं. जुलैत नुसतं बसस्टॉपवर उभं राहिलं तरी सकाळचा शर्ट पिळून काढण्याजोगा व्हायचा. या हँगरांना घरात वारांचीच नावं होती. "सुहास, माझा सोमवार कुठाय?" असं राजन बाथरूमच्या दारातून ओरडायचा, आणि घरी पाहुणे असले तर त्यांना वाटायचं की याचा उपास आहे.

या पद्धतीचा जन्म एका सफारीतून झाला. एक्क्याण्णव साली लग्न करून दोघं दुबईत आली, आणि राजन पाण्याचे पंप विकणाऱ्या कंपनीत पहिल्या दिवशी गेला तो सासऱ्यांनी लग्नात शिवलेला तपकिरी सफारी घालून. दारातच लेबनीज साहेब उभे होते. ऑफिसात सगळे त्यांना मुदीर म्हणत, म्हणजे मॅनेजर. मुदीरनं राजनला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि "यल्ला, एअरपोर्ट" म्हणत तो मागच्या सीटवर जाऊन बसला. राजनला गाडी चालवता येत नव्हती. आपण ड्रायव्हर नसून सेल्स कोऑर्डिनेटर आहोत हे त्यानं खिडकीतून वाकून सांगितलं, तेव्हा मुदीरनं माफी मागितली, पण ती मागताना तो हसत होता. संध्याकाळी हे ऐकून सुहासिनी आधी पोट धरधरून हसली आणि मग तिला मनापासून राग आला. पुण्यातली विमा कंपनीतली कायमची नोकरी सोडून ती या माणसाच्या मागे आली होती. तो ड्रायव्हर दिसतो म्हणजे काय!

त्या शुक्रवारी पहिले हँगर टांगले गेले. आणि दोन-तीन महिन्यांत मुदीर रोज सकाळी म्हणायला लागला, "मिस्टर राजन, हबीबी, व्हेरी स्मार्ट!" राजन ते घरी येऊन सांगायचा. सुरुवातीला 'बघ हं' अशा सुरात सांगायचा, मग नुसतंच सांगायचा, आणि दोन वर्षांनी असं सांगायला लागला की हा गुण त्याच्याकडे जन्मापासूनच होता. ऑफिसात नव्या आलेल्या पोरांना तो टाय कसा निवडावा यावर चार शब्द सुनवायचा. टायची गाठ मात्र त्याला येत नव्हती.

सुहासिनीला याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर तेव्हा नाही. ती स्वतःच्या नजरेवर इतकी खूश होती की कौतुक कुणाच्या पदरात पडतंय याकडे तिचं लक्ष नव्हतं. शिवाय पासपोर्टवरच्या व्हिसात तिच्या नावापुढे 'हाउसवाइफ' असा शिक्का होता. नोकरी करायची तर नवऱ्याचं ना-हरकत पत्र लागणार, आणि नवरा म्हणाला होता, "मूल झालं, शाळेत जायला लागलं, की बघू." ईशानी झाली, शाळेत जायला लागली, चौथीत गेली. बघू ते बघूच राहिलं.

दर जुलैत मायलेकी दोन महिने पुण्याला जायच्या. दुबईतली सगळीच बायकापोरं उन्हाळ्यात गावी जातात, आणि मागे राहिलेले नवरे चहा-ब्रेडवर दिवस काढतात. निघायच्या आदल्या दिवशी सुहासिनी कपाट गच्च भरून जायची आणि बजावायची, "अहो, धुऊन आलं की जसं होतं तसंच परत लावायचं." राजन म्हणायचा, "अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" सप्टेंबरात ती परत आली की तो छाती काढून सांगायचा की ती इथे नव्हती हे ऑफिसात कुणाला कळलंही नाही. तिलाही ते खरं वाटायचं.

सत्त्याण्णव साली समोरच्या फ्लॅटमध्ये आभा राहायला आली. कोल्हापूरची, लग्नाला जेमतेम सहा महिने झालेली, बी.कॉम. आणि भित्री. मालाची ने-आण करणाऱ्या एका कंपनीत तिला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं. दोन दिवस आधी ती रडवेल्या तोंडानं दारात उभी राहिली. "ताई, माझ्याकडे सगळे ड्रेस लग्नातलेच आहेत हो. टिकल्या लावलेले."

सुहासिनीनं तिला पलंगावर बसवलं आणि आपलं शास्त्र सांगितलं. हे शास्त्र ऐकवताना तिचा आवाज थोडा चढायचा. "हे बघ, दुबईत ऋतू दोनच. एसीच्या आतला आणि एसीच्या बाहेरचा. कापड बाहेरच्यासाठी घ्यायचं, कपडे आतल्यासाठी घालायचे. वस्तू कितीही आवडू दे, घरातल्या निदान तीन वस्तूंशी जुळत नसेल तर तिला दुकानातच सोडायची. आणि ऑफिसवालीचं अर्धं कपाट ऑफिसच्या खुर्चीवर असतं. एक राखाडी जॅकेट घे आणि ते तिथेच टांगून ठेव. घरी आणायचं नाही. सोपं राहायचं, आभा. सकाळी कपाटापुढे उभं राहून विचार करावा लागला म्हणजे आदल्या दिवशीचं काहीतरी चुकलं."

मग दोघी करामाच्या मार्केटात जहूरच्या दुकानात गेल्या. दोन पँटी, चार शर्ट, ते राखाडी जॅकेट. आभाला नोकरी लागली. ही गोष्ट बिल्डिंगभर झाली, मग दोन गल्ल्यांत, आणि मग मराठी मंडळात. इंटरव्ह्यू असला की लोक आधी सुहासिनीकडे आणि मग सिद्धिविनायकाला. फी घेणं तिच्या स्वप्नातही आलं नाही. चकल्या यायच्या, प्लॅस्टिकचे डबे यायचे. एकदा तर एका उपकृत गृहस्थानं पंपच आणून दिला, आणि तो राजनच्याच कंपनीचा निघाला.

तिच्या शास्त्रात एक खोट होती, आणि ती कुणी बोलून दाखवत नसे. तिला रंगांची भीती वाटायची. आकाशी, राखाडी, बिस्किटी, काळा, यांच्यापलीकडे तिची मजल जात नसे. त्यामुळे एका गणेशोत्सवात आरतीला पुरुषांची रांग उभी राहिली तेव्हा तेरा-चौदा जणांनी एकच आकाशी शर्ट आणि एकच बिस्किटी पँट घातली होती. कंपनीचं स्नेहसंमेलन आहे असं समजून एक अनोळखी माणूस चौकशी करून गेला. सुहासिनी मागे उभी राहून समाधानानं टाळ्या वाजवत होती.

दोन हजार दोन सालचा नोव्हेंबर आला. आभा एव्हाना त्याच कंपनीची अ‍ॅडमिन मॅनेजर झाली होती, आणि कंपनी देरातून शेख झायेद रोडवरच्या काचेच्या टॉवरमध्ये गेली होती. तिनंच फोन केला. "ताई, आमच्याकडे फ्रंट ऑफिसला व्हेकन्सी आहे. मी वर्ड टाकलाय. मंगळवारी इंटरव्ह्यू. येणार ना?"

सुहासिनीनं फोन ठेवला. किती वर्षं ती दुसऱ्यांना इंटरव्ह्यूला पाठवत होती! रात्रीच्या जेवणाला तिनं राजनला विचारलं. राजनचा घास हातात राहिला. "घरात काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही. मी कमी पडत चाललेय." हे ती इतकं सरळ बोलली की तिलाच आश्चर्य वाटलं. "मला पत्र हवंय, अहो. तुमची हरकत नाही असं."

राजन तसा वाईट माणूस नव्हता, फक्त सवयीचा गुलाम होता. ईशानी म्हणाली, "बाबा, जस्ट साइन इट, ना." त्यानं पत्रावर सही केली. वर म्हणाला, "पण शुक्रवारचं सगळं नीट होईल ना?"

सोमवारी सकाळी घर रिकामं झाल्यावर सुहासिनीनं उद्यासाठी आपलं कपाट उघडलं. म्हणजे ज्याला ती आपलं म्हणत होती ते. दांडीवर राजनचे सहा वार, त्यांच्या आड सहा दुपारचे शर्ट, त्यापुढे ईशानीचे गणवेश, आणि कोपऱ्यात भिंतीला चिकटून ती स्वतः : मंडळाच्या कार्यक्रमांच्या रेशमी साड्या, शुक्रवारी फिरायला जायचे दोन पंजाबी ड्रेस आणि घरातले गाउन. तिनं दांडी डावीकडून उजवीकडे सरकवली, मग उजवीकडून डावीकडे. ऑफिसला घालण्याजोगं तिच्याकडे काहीही नव्हतं. अर्ध्या करामाला तिनं ऑफिसला धाडलं होतं, आणि स्वतःसाठी एक हँगर नव्हता.

ती तडक जहूरकडे गेली. जहूर खुलला. "आइए मॅडम! आज किसके लिए?"

"मेरे लिए."

"जी, बिलकुल. साइज?"

 राजनची कॉलर सुहासिनीला पाठ होती. आभाची कंबर, वरच्या मजल्यावरच्या हेमाचे खांदे, मंडळाच्या सेक्रेटरींचं पोट, सगळं पाठ होतं. स्वतःचं माप आठवेना. शेवटचं घेतलं ते लग्नाच्या ब्लाउजचं. जहूरनं अंदाजानं तीन शर्ट काढून दिले. ट्रायल रूमच्या आरशात तिनं स्वतःकडे पाहिलं, आणि दुसऱ्या कुणाकडे पाहून झटक्यात निर्णय देणारी ती नजर आरशातल्या बाईवर ठरेचना. चांगलं दिसतंय की वाईट, तेच कळेना. ती रिकाम्या हातानं बाहेर आली आणि रस्त्यात तिला रडू फुटलं. रागाचं रडू होतं ते, आणि राग स्वतःवरच होता.

मंगळवारी ती राखाडी पंजाबी ड्रेस घालून गेली. त्या दोनांतलाच, पालकसभेलाही घालायची तो. इंटरव्ह्यू छान झाला. विमा कंपनीतलं इंग्रजी गंज चढून का होईना, उभं राहिलं. नंतर आभानं तिला आपल्या केबिनमध्ये नेलं, दार लावलं आणि तिचे हात हातात घेतले. "ताई, जॉब झालाच समज. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारपासून ये. फक्त एक सांगू? रागावू नकोस हं."

"सांग की."

"फ्रंट ऑफिस आहे ना, प्रेझेंटेशन बघतात गं. तू म्हणजे अगदी घरगुती आलीस. पण टेन्शन घेऊ नकोस, एकदम सिम्पल असतं. मी इतक्या वर्षांत माझी एक सिस्टिमच डेव्हलप केलीये." आभा खुर्चीवर मागे टेकली. तिचा आवाज थोडा चढला. "बघ, दुबईत सीझन दोनच. एसीच्या आत आणि एसीच्या बाहेर. फॅब्रिक बाहेरचा विचार करून घ्यायचं..."

सुहासिनी ऐकत राहिली. तीन वस्तूंशी जुळण्याचा नियम आला. सोपं राहण्याचा आला. आभाच्या खुर्चीच्या पाठीवर राखाडी जॅकेट टांगलेलं होतं, त्याकडे बोट करून ती म्हणाली, "आणि हे माझं सिक्रेट! अर्धं वॉर्डरोब इथेच ठेवायचं." तिच्या चेहऱ्यावर चोरीची खूणही नव्हती. तिला खरोखरच आठवत नव्हतं. सुहासिनीच्या जिभेवर आलं होतं, की बाई गं, हे मी तुला माझ्या पलंगावर बसवून शिकवलं, तेव्हा तुझ्या ड्रेसवर टिकल्या होत्या. पण नोकरी हवी होती. आणि तिच्या लक्षात आलं की अगदी याच मुद्रेनं राजनही टायवर बोलतो.

"हो का?" ती म्हणाली. "चांगलं आहे गं."

"शुक्रवारी मी येते तुझ्याबरोबर. आपण घेऊ सगळं."

नाही म्हणायला सुहासिनीपाशी तोंड नव्हतं. शुक्रवारी आभानं तिला जहूरकडे न नेता मॉलमध्ये नेलं, आणि दुकानाच्या दारातूनच तिच्याकडे नुसतं एकदा बघून तिथल्या विक्रेत्या मुलीला सांगितलं, "मीडियम. खांद्याला थोडं लूज." बरोब्बर बसलं. मग आभानं एक शर्ट तिच्या छातीला लावला. जांभळट, पिकल्या जांभळासारखा. सुहासिनी दचकली. "अगं हा कशाला? आकाशी बघ ना."

"आकाशी सगळे घालतात, ताई. तुला हा खुलतो." आभानं मान तिरकी करून तिच्याकडे नीट, निवांत पाहिलं. असं आपल्याकडे कुणी कधी पाहिलं होतं ते सुहासिनीला आठवेना, आणि तिचा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. हे मात्र आभाचं स्वतःचं होतं. ते काही तिनं शिकवलेलं नव्हतं.

"नव्वद दिरहम!" तिनं लेबल पाहिलं. "म्हणजे बाराशे रुपये झाले की गं!"

"पगार दिरहममध्ये मिळणार आहे. रुपयांत मोजणं खलास," आभा म्हणाली.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारच्या आदल्या दुपारी बिवलकरांकडे नेहमीसारखी इस्त्री फुसफुसली. सुहासिनीनं आपले सहा दिवस हँगरांवर चढवले, रुमालासकट. मग कपाट उघडलं, तर दांडीवर बोटभर जागा नव्हती.  मग तिनं राजनचे सहा हँगर एकेक करून उतरवले, टायच्या गाठी सोडल्या, पँटी पँटींवर, शर्ट शर्टांवर अशा घड्या घातल्या आणि खालच्या कप्प्यात नीट रचून ठेवल्या. गाठी सोडताना तिला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

सकाळी नेहमीची हाक आली. "सुहास, माझा शनिवार कुठाय?"

"कपाटात."

कपाट उघडल्याचा आवाज आला. "अगं, हा तर बायकांचा आहे!"

"हो. तो माझा. तुमचं खालच्या कप्प्यात आहे सगळं. काढा आणि घाला."

"पण कशावर काय?"

सुहासिनी दारात पायात बूट चढवत होती. जांभळा शर्ट, काळी पँट. ईशानी शाळेची बॅग पाठीवर घेऊन तिच्याकडे बघतच राहिली. "आई, यू लुक लाइक अ मिस," ती म्हणाली, आणि ईशानीच्या शाळेत मिसपेक्षा मोठं कुणी नव्हतं. "सोपं असतं, अहो," सुहासिनीनं आतल्या दिशेला सांगितलं. "येते मी." आणि खालून पिकअपच्या गाडीचा हॉर्न वाजला तशी ती निघाली.

संध्याकाळी राजन घरी आला तो चौकटीची पँट, रेघांचा शर्ट आणि खिशात कोंबलेला टाय अशा अवतारात. सुहासिनीनं त्याच्याकडे पाहिलं आणि हसू आवरायला पाठ फिरवून चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"मुदीर आज काय म्हणाला माहितीये? मला बघितल्या बघितल्या म्हणाला, हबीबी, मॅडम इंडिया? इन डिसेंबर?"

"म्हणजे?"

"म्हणजे दरवर्षी कळायचं म्हणे त्यांना. तुम्ही दोघी गेलात की दुसऱ्याच आठवड्यात. मुदीरला, अकाउंट्सच्या विजयकुमारला, चहावाल्या खैरुद्दीनलासुद्धा. सगळ्यांना पहिल्यापासून माहिती होतं." राजननं कपाळ पुसलं. "मी म्हटलं, सर, मग तुम्ही रोज मला व्हेरी स्मार्ट का म्हणायचात? तर म्हणाला, ते मी तुझ्या मॅडमना म्हणायचो. वाटलं, तू घरी जाऊन सांगत असशील."

चहा उतू जायला आला होता. सुहासिनीनं गॅस बंद केला, पण ती वळली नाही. राजन सांगत होता ते सगळं खरं होतं. तो रोज घरी येऊन सांगायचाच. निरोप इतकी वर्षं रोज पोचत होता, आणि दोघांनाही तो कुणासाठी आहे ते कळलं नव्हतं.

"मग?" तिनं विचारलं. "इंडियाला गेलीय का, त्याला काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" राजन म्हणाला. त्यानं खिशातून तो चुरगळलेला टाय काढला आणि तिच्यापुढे धरला. "म्हटलं, नो सर. मॅडम ऑफिस. आता ही गाठ कशी मारतात तेवढं शिकव."